कमानीचा डावा खांब

पुनर्बांधणी कार्यालयाच्या लेखापालाला सगळं गाव ‘दशांश’ म्हणायचं. टपरीवर चौघांत चहाचं बिल वाटून घ्यायचं झालं, तर हा गृहस्थ अर्धा कप घेणाऱ्याचा हिस्सा वेगळा काढायचा आणि वर तो मांडून दाखवायचा. आपल्याला हे नाव पडलंय हे त्याला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर ते त्याला आवडायचंही. लोकांना टकल्या, ढेऱ्या असली नावं पडतात. आपल्या वाट्याला निदान अंकगणितातलं आलं.

भूकंपाला अकरा महिने झाले होते. कार्यालय थाटलं होतं एका बंद पडलेल्या सिनेमागृहात, कारण जागची न हललेली मोठी इमारत गावात तेवढीच उरली होती. मदतीचे अर्ज तिकिटांच्या खिडकीतून आत यायचे आणि खिडकीवरची ‘हाऊसफुल्ल’ची पाटी काढायचं अजून कुणाला सुचलं नव्हतं. साहेबांचं टेबल पडद्यासमोर, फायली बाल्कनीत, आणि मध्यंतरात जिथे थंड पेयं विकायचे त्या काउंटरमागे दशांश.

पैशाला तोटा नव्हता. ज्यांना हे गाव नकाशात सापडलं नसतं अशा दूरदूरच्या माणसांनी भरभरून पाठवला होता. पण पैशासोबत एक हिरवं पुस्तक आलं होतं आणि पैशापेक्षा त्या पुस्तकाचा वचक मोठा होता. त्यातला मुख्य नियम शेंबड्या पोरालाही कळेल असा. जी वास्तू निम्मी किंवा त्याहून जास्त गेली ती ‘पूर्ण बाधित’. ती पाडून नव्याने, पूर्वीपेक्षा भक्कम बांधायची, खर्चाला हात आखडायचा नाही. निम्म्याहून कमी गेली ती ‘अंशतः बाधित’. तिला गिलावा आणि रंग. आणि जी भूकंपाआधी नव्हतीच, तिचं नावही काढायचं नाही.

त्यामुळे आपलं घर उभं राहिलं म्हणून कपाळाला हात लावून बसलेली माणसं त्या गावाने पहिल्यांदाच पाहिली. मग जो तो पंचनामा करणाऱ्याला चहा पाजू लागला. एकूण पंचनामे तीनशे तेरा. त्यातल्या तीनशे बारांवर गोल आकडे होते: साठ टक्के, ऐंशी टक्के, शंभर टक्के. भूकंप काय शिस्तीचा होता म्हणून सांगावं! दहाच्या पटीतच सगळी पाडापाड. एकाच कागदावर आकडा होता ४९.५८, आणि तो कागद होता आरोग्य केंद्राचा.

त्या केंद्रात एक सिस्टर होती. वीस वर्षं बाळंतपणं करत आलेली, त्यामुळे निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं आणि उरलेलं निम्मं तिला घाबरून असलेलं. सगळं गाव तिला सिस्टर म्हणे. ‘ताई’ म्हणणारा एकटा दशांश, कारण ती त्याची सख्खी थोरली बहीण. केंद्रामागची तिची खोली भूकंपात गेल्यापासून ती भावाकडेच राहत होती.

एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तिने पर्समधून मुठीएवढं ढेकूळ काढून ठेवलं.

“हे बघ. आज छतातून हे आलं. खाट वीतभर अलीकडे असती ना, तर बाळाच्या आधी हेच झेललं असतं मी.”

दशांशने ढेकूळ तळहातावर तोललं. “साडेचारशे ग्रॅम.”

“तोल तू! अरे, आम्हाला रंग मंजूर झालाय. रंग! छताला लाकडी टेकू, भिंतीतून पलीकडचा रस्ता दिसतो, आणि हे म्हणतात फिकट निळा देऊ की पिस्ता. कुठल्या गाढवाने तो पंचनामा केला रे? कागद तुमच्याकडेच असेल ना?”

दशांशने घास जरा जास्तच वेळ चावला. “बघावं लागेल.”

“बघच. आणि नाव कळलं की मला सांग. त्याला त्या खाटेवर उताणा झोपवते दोन तास. छताकडे डोळे लावून.”

गाढव समोरच बसलं होतं. भूकंपानंतरच्या आठवड्यात माणसं कमी पडली म्हणून लेखापालांनाही पंचनाम्याला जुंपलं होतं, आणि दशांशच्या वाट्याला नेमकं बहिणीचं केंद्र आलं. बाकीच्यांनी दारात उभं राहून, मान तिरपी करून आकडा ठोकला. हा मात्र, ताई जखमींना घेऊन जिल्ह्याला गेलेली असताना, टेप घेऊन तीन तास भिंतीभिंतीशी झटला. बहिणीचं केंद्र म्हणून फुगवलं असं उद्या कुणी म्हणायला नको! काहींना दागिन्यांची हौस असते, काहींना मानाची. दशांशला प्रामाणिक दिसण्याची होती, आणि ती भागवायला त्या दिवशी त्याला बहिणीच्या भिंती मिळाल्या. बेचाळीस शतांशांनी केंद्र हुकलं तेव्हा त्याला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्या वाईट वाटण्यातही किंचित गोडी होती.

ती गोडी टिकली आरोग्य खात्याचं पत्र येईपर्यंत. पत्रात लिहिलं होतं की वर्षअखेरपर्यंत इमारत सुरक्षित असल्याचा दाखला आला नाही, तर केंद्र बंद करून सिस्टरचं पद जिल्ह्याच्या मोठ्या इस्पितळात हलवण्यात येईल. मोठं इस्पितळ होतं तीन तासांवर, तेही रस्ता धड असताना. त्या वर्षात दोन बाळं मालट्रकमध्ये जन्मली होती आणि तिसरं जन्मताच गेलं होतं. वर्षअखेरीला पाच महिने उरले होते.

ताई ते पत्र घेऊन तरातरा सिनेमागृहात आली ती थेट पडद्यापाशी. साहेब तसे सज्जन. बदली जवळ आलेल्या माणसाइतके सज्जन. त्यांनी बिचाऱ्यांनी काही लपवलं नाही, बाल्कनीतून फाईल मागवली आणि कागद तिच्या पुढ्यात ठेवला. ताईने सही पाहिलीच नाही. आकडा पाहिला आणि काउंटरकडे वळली.

“सहीची गरजच काय,” ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की तिकिटाच्या खिडकीबाहेरची रांगही गप्प झाली. “या गावात टिंब देऊन लिहिणारा एकच आहे.”

त्या दिवसापासून तिने भावाशी बोलणं टाकलं. म्हणजे कामापुरतं बोलायची, पण टिंबासकट.

“आंघोळीचं पाणी तापलंय. त्रेचाळीस पूर्णांक सात.”

“ताई, पुरे ना.”

“दूधवाला येऊन गेला. एक लिटरला शून्य पूर्णांक शून्य तीन कमी होतं. तुला सांगून ठेवलं, नाहीतर झोप लागायची नाही.”

झोप खरंच लागेना. चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, कार्यालय ओस पडलेलं असताना, दशांशने ती फाईल उतरवली. आपला आकडा बरोबर आहे हे पुन्हा एकदा पाहून मनाचं समाधान करून घ्यावं, एवढाच हेतू. भिंती एकूण चोवीसशे चौरस फूट. तडे गेलेल्या तेराशे. त्यातून दारं-खिडक्या वजा एकशे दहा, कारण जिथे भिंतच नाही तिथे तडा जाणार कुठून? गिलाव्याचं बिल करणारा कुठलाही माणूस ही वजावट करतो. उरले अकराशे नव्वद. भागिले चोवीसशे. एकोणपन्नास पूर्णांक अठ्ठावन्न. चोख.

त्याने फाईल मिटली, आणि पुन्हा उघडली.

दारं-खिडक्या त्याने तडे गेलेल्या भिंतींतून वजा केल्या होत्या. एकूण भिंतींतून केल्याच नव्हत्या. वरच्या आकड्यातली दारं त्याने उपटून काढली होती आणि खालच्या आकड्यात ती चौकटीसकट उभी होती. एकूण दारं-खिडक्या एकशे ऐंशी. चोवीसशेतून गेल्या, राहिले बावीसशे वीस. त्याने अकराशे नव्वदला बावीसशे वीसने भागलं. एकदा कागदावर, एकदा यंत्रावर, एकदा तोंडी.

त्रेपन्न पूर्णांक साठ.

दारात उभं राहून मान तिरपी करणाऱ्याने साठ लिहिलं असतं, आणि तो याच्यापेक्षा खऱ्याच्या जवळ असता असं नाही. पण केंद्र वाचलं असतं. आयुष्यात दशांशने पैशाची अफरातफर केली असती तरी त्याला एवढी लाज वाटली नसती.

साहेब जेवून परतताच तो पडद्यासमोर जाऊन उभा राहिला. “साहेब, माझी चूक झाली. आकडेमोडीत.”

“तुमची?” साहेबांना पहिल्यांदा आनंदच झाला. मग त्यांनी कागद पाहिला आणि तो आनंद मावळला. “हं. हरकतींची मुदत सहा महिन्यांपूर्वीच संपली.”

“पण चूक कार्यालयाची आहे. फेरपंचनामा मागता येतो. हिरवं पुस्तक, पान सत्तावीस.”

“येतो ना. आणि एक पंचनामा उघडला की तपासणीवाले नमुन्यादाखल आणखी तीस उघडतात. पान अठ्ठावीस.” साहेबांनी आवाज उतरवला. “लेखापाल, तीनशे तेरा कागदांत टेप लावून केलेला कागद तुमचा एकटा. तो चुकीचा निघाला म्हणून उघडायचा आणि बाकीच्यांचं बिंग फोडायचं? अर्धं गाव नव्या घरात राहायला गेलंय हो.”

“मग माझा एकच खरा, म्हणून तो दुरुस्त होणार नाही?”

“तुमचाही खरा कुठाय?” साहेब म्हणाले, आणि हे मात्र त्याला फार लागलं.

त्याच दुपारी त्याच्या टेबलावर कमानीची फाईल आली. गावच्या वेशीवर पुनर्बांधणी समितीच्या अध्यक्षांच्या वडिलांनी उभारलेली स्वागताची कमान होती: दोन खांब, वर आडवी पट्टी. भूकंपात ती अशी आडवी झाली की दगडावर दगड उरला नाही. जीवितहानी म्हणाल तर एक सायकल. पण गेली ती शंभर टक्के. त्यामुळे कमान पूर्ण बाधित, नव्याने, पूर्वीपेक्षा भक्कम. मंजुरी एक कोटी वीस लाख. आरोग्य केंद्राचा रंग साठ हजारांचा; कमान बरोबर दोनशे रंगांची. दशांशने हा भागाकार काही कारण नसताना केला. मग तो बराच वेळ त्या ‘भक्कम’ शब्दाकडे बघत बसला.

चार दिवसांनी साहेबांच्या टेबलाभोवती कमानीची बैठक बसली. अध्यक्ष, ठेकेदार, साहेब आणि टिपणं घ्यायला दशांश.

“कमान अशी पाहिजे,” अध्यक्ष म्हणाले, “की शेजारच्या गावची माणसं खाली मान घालून गेली पाहिजेत.”

“उंची वाढवू,” ठेकेदार म्हणाला.

“उंची वाढली की खांब जाड लागतील,” दशांश म्हणाला. बैठकीत तो कधी बोलत नसे, त्यामुळे सगळ्यांनी वळून पाहिलं. “पूर्वीपेक्षा भक्कम असं पुस्तकात आहे. किती जाड, त्याला वरची मर्यादा नाही. मी पाहिलंय.”

ठेकेदाराच्या चेहऱ्यावर दिवाळखोरीतून सुटल्यासारखा उजेड पडला. “चार फूट?”

“चौदा बाय सोळा.”

“खांब?” साहेब म्हणाले.

“खांब. पण भरीव केला तर पाया पेलणार नाही, म्हणून पोकळ. आणि पोकळ वास्तूला आतून तपासणीची सोय सक्तीची आहे, पान एकेचाळीस. म्हणजे दार आलं. तपासणाऱ्याला उजेड आणि हवा हवी, खिडक्या आल्या. पाणी हवं. आणि तपासणारा शेवटी माणूसच. त्याला मोरी-संडास हवा.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “लेखापाल, हा खांब आहे की खोली?”

“बाहेरून खांबच आहे साहेब.”

“दिसेल ना भव्य?” अध्यक्षांनी विचारलं.

“अजस्र दिसेल,” ठेकेदाराने शब्द दिला. त्याला मापावर पैसे मिळायचे.

साहेबांना काय उमगायचं ते उमगलं असावं. पण वर्षअखेरीला खर्च न झालेला पैसा परत जायचा, आणि परत गेलेला पैसा बदलीच्या कागदावर डाग पाडून जायचा. “वेळेत होईल?” एवढंच त्यांनी विचारलं, आणि होईल म्हटल्यावर सही केली.

त्या रात्रीच्या जेवणाआधी दशांशने नकाशा टेबलावर पसरला आणि काही न बोलता ताट वाढायला उठला. परत येऊन बघतो तर ताईने डाव्या खांबात चमचा आडवा ठेवला होता आणि दाराच्या जागी बोट.

“खाट इथे बसायची नाही,” ती नकाशाकडे बघत म्हणाली. “तुझं दार आत उघडतंय. स्ट्रेचर अडेल.”

“बाहेर उघडणारं करतो.”

“आणि खिडकी डोक्याच्या बाजूला नको. बाईच्या तोंडावर ऊन येतं. पायाशी घे.” तिने चमचा फिरवला. “उजवीकडे काय?”

“तसाच दुसरा. वाट बघणाऱ्यांना. औषधांचं कपाटही बसेल.”

“लिहिशील कशात? तू तर खिळासुद्धा चुकीच्या सदरात टाकत नाहीस.”

“टाकणार नाही. प्रत्येक खिळा कमानीच्याच सदरात.”

मग त्याने तिला खरा आकडा सांगितला. त्रेपन्न पूर्णांक साठ. वरची दारं, खालची दारं, सगळं. ताईने पूर्ण ऐकून घेतलं.

“म्हणजे तू खडूसही निघालास आणि गणितात ढही,” ती म्हणाली. “मला वाटलं नुसता खडूसच आहेस.”

पण त्यानंतर आंघोळीचं पाणी नुसतं ‘तापलंय’ इतकंच असायचं.

काम सुरू झालं आणि दशांशच्या हाताला एक वेगळंच वळण लागलं. बिलं शंभर नंबरी खरी. फक्त ती वाचायला हिरव्या पुस्तकाचा अभ्यास हवा. आतल्या फरशीला ‘खांबातील ओल प्रतिबंधक थर’. बेसिनला ‘तपासनीसाच्या हातांची स्वच्छता’. झोपण्याच्या उंचीवरल्या दिव्याला ‘निम्नस्तरीय तडे दिसण्यासाठी प्रकाशव्यवस्था’. पाणी तापवायच्या यंत्रापाशी मात्र तो दीड दिवस अडला. शेवटी त्याला पान त्रेसष्टवर ‘तापमानातील बदलाला वास्तूचा प्रतिसाद’ असा एक परिच्छेद सापडला आणि त्याने सुटकेचा श्वास सोडला. ठेकेदाराला ही माणसं नेमकं काय बांधून घेतायत हे तिसऱ्या आठवड्यात कळलं. त्याच्या सुनेला दुसरा महिना लागला होता. त्याने दार सागवानी बसवलं आणि त्याचं बिलच लावलं नाही, म्हणून दशांशला दोन दिवस चैन पडलं नाही. आलेल्या पण बिल न लागलेल्या दाराची नोंद कुठे करायची?

तिकडे जुन्या केंद्रालाही रंग लागला. मंजूर झाला होता ना! टेकू हलवून, मागे रंगवून, टेकू पुन्हा जागेवर. फिकट निळा.

वर्षअखेरीच्या दहा दिवस आधी उद्घाटन ठरलं. मदत देणाऱ्यांच्या वतीने एक बाई दौऱ्यावर होत्या. त्यांच्या हस्ते फीत कापायची. कमान खरोखरच अजस्र झाली होती. खालून जाणारा माणूस आपसूक आवाज खाली आणत असे. ताईने तीन दिवस आधीच खाट आणि कपाट हलवलं होतं, कारण बाळंतपणं उद्घाटनासाठी थांबत नाहीत. त्या सकाळी शिंप्याची बायको डाव्या खांबात कळा देत होती आणि शिंपी उजव्या खांबात येरझाऱ्या घालत होता. मध्ये मांडव, खुर्च्या, अध्यक्षांचं भाषण.

पाहुण्या बाई चार तास गाडीत बसून आल्या होत्या. अध्यक्ष वडिलांच्या बालपणापर्यंत पोचले तेव्हा त्या दशांशकडे झुकून हळूच म्हणाल्या, “इथे जवळपास संडास आहे का?”

दशांशने पन्नास शक्यता मनात ताडून पाहिल्या. जवळपास धड संडास होते ते दोन, आणि दोन्ही खांबांत. उजव्यात शिंपी कडी लावून बसलेला.

“डाव्या खांबात,” तो म्हणाला.

बाई उठल्या, सागवानी दार उघडून आत गेल्या. दहा मिनिटं झाली, वीस झाली. अध्यक्ष वडिलांच्या राजकीय प्रवेशाशी आले आणि खांब रडला. चांगला दणदणीत, पहिलटकरणीचं बाळ रडावं तसा. अध्यक्ष थांबले. मागून कुणीतरी म्हणालं, “कमान पास झाली!” आणि सगळा मांडव हसला. अध्यक्षांना हशा आपल्याला मिळाला की काय कळेना; त्यांनी हात उंचावून तो स्वीकारला.

बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या बाह्या कोपरापर्यंत वर होत्या. मागोमाग ताई.

“दुसरी जोडी हातांची हवी होती,” ताईने भावाला सांगितलं. “यांनी दिवा धरला. खालचे तडे चांगले दिसतात त्याच्यात.”

बाई दशांशला बाजूला घेऊन गेल्या. “हे सगळं कशात घातलंत?”

“कमानीत. प्रत्येक गोष्टीला पान आहे. दाखवतो.”

“आणि दवाखाना का नाही बांधला?”

त्याने सांगितलं. एकोणपन्नास पूर्णांक अठ्ठावन्न, आणि आपली चूक, आणि मुदत. बाकीचे गोल आकडे मात्र सांगितले नाहीत. बाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “तो पन्नासचा आकडा ठरला त्या बैठकीत मी होते. कुणी चाळीस म्हणत होतं, कुणी साठ. जेवण थंड होत होतं. मग मधला घेतला.”

पुस्तकातला आकडा कुणीतरी मोजून काढला असेल असं दशांश इतके महिने धरून चालला होता.

बाईंचा अहवाल महिन्याने आला. त्यात बाळ नव्हतं, खाट नव्हती. त्यांच्या नमुन्यात एक रकाना होता: ‘वास्तू वापरात आहे काय?’ त्या दौऱ्यात पाहिलेल्या एकोणीस वास्तूंपैकी उद्घाटनाच्या दिवशी वापरात असलेली ही एकच. बाकीच्या कुलपात, मोठ्या पाहुण्यांची वाट बघत. तेव्हा शेरा पडला, ‘अनुकरणीय’. सरकारने तो शेरा मनावर घेतला आणि पुढच्या दोन वर्षांच्या निधीतून चाळीस गावांत तपासणी कक्षासह चाळीस कमानी मंजूर केल्या. त्या सगळ्या यथावकाश बांधूनही झाल्या. त्यांचे कक्ष कुलपात आहेत, कारण तपासणी वर्षातून एकदाच असते.

आरोग्य खात्याचंही समाधान झालं. कागदोपत्री बाळंतपणं जुन्या केंद्रातच होत होती, कारण कमानीत जन्म घेण्याला रकाना नव्हता. अंशतः बाधित इमारतीत बाळंतपणं दीडपट झालेली पाहून खात्याने निष्कर्ष काढला की इमारत उत्तम चालली आहे. दाखल्याचा विषय मागे पडला. ताईचं पद राहिलं.

मग एका दुपारी छोटा धक्का बसला. चहाचा एक घोट गिळावा एवढाच वेळ. सिनेमागृहाच्या बाल्कनीतून चार फायली खाली आल्या. कमानीला केसाएवढी चीर गेली नाही. आणि जुनं केंद्र, फिकट निळ्या रंगासकट, जागच्या जागी बसलं. आत कुणी नव्हतं. तीन महिने आधी असतं तर कोण असतं, हे गावात सगळ्यांनी मोजलं आणि कुणी बोलून दाखवलं नाही.

साहेबांनी नवा पंचनामा दशांशकडेच दिला. “या वेळी गोल आकडा लिहा,” ते म्हणाले. त्यांची बदली झाली होती. ते खुशीत होते.

टेप घेऊन तो पोचला तेव्हा ताई ढिगाऱ्यापाशी उभी होती. ढिगाच्या मधोमध एक चौकट तेवढी ताठ उभी होती, दारासकट. भिंत नव्हती, नुसतं दार.

“बघ, ते उभंय,” ताई म्हणाली. “आता नव्व्याण्णव लिहिशील.”

“दारं मोजत नाहीत, ताई.” तो टेप सोडवू लागला. “वजा करतात. दोन्हीकडून.”

ती हसली. मग गंभीर झाली. “आता तरी बांधतील का रे?”

“या वर्षीचा निधी कमानींना गेला. पुढच्या वर्षीचाही चाळिसांतल्या उरलेल्यांना. मग बघतील.”

“मी तोवर रिटायर होईन.”

“हो.”

“मग भरतोस कशाला?”

“आकडा बरोबर असावा.”

ताई काही बोलणार तेवढ्यात वेशीकडून ठेकेदार धावत आला, धापा टाकत, चपला हातात. “सिस्टर, चला! सुनेला सुरू झालंय. डाव्या खांबात झोपवलीय.”

“पाणी तापवायला लावलंत?” ती चालायला लागलीही होती. चार पावलांवर थांबून मागे वळली. “आणि तू, ते भरून झालं की ये. बेसिनचा नळ गळतोय. बघ कुठल्या पानात बसतो.”

दशांशने ढिगाऱ्यावर पाय रोवून कागद गुडघ्यावर घेतला आणि रकान्यात शंभर लिहिलं. गोल, टपोरं, कुणालाही आवडेल असं. त्याने ते लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं. मग पेनाचं टोपण पुन्हा काढलं, पुढे एक टिंब दिलं, त्यापुढे दोन शून्यं काढली, आणि नळ बघायला निघाला.